देशभक्तीची सनद कोणाच्या हाती?

देशभक्तीची परीक्षा सर्वांना सारखी द्यावी लागत नाही. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सत्ता, विद्या आणि संपत्ती नांदत आली, त्यांची देशभक्ती गृहीत धरली जाते. ज्यांना गावाबाहेर ठेवले, ज्यांना वर्णावरून, जातीवरून वा धर्मावरून हिणवले, त्यांना मात्र ती वारंवार सिद्ध करावी लागते. त्यांनी अन्यायाचा उच्चार केला की पहिला प्रश्न अन्यायाविषयी येत नाही, त्यांच्या निष्ठेविषयी येतो. हा प्रश्न विचारण्याचे आणि त्याचा निकाल देण्याचे काम फार मोठ्या प्रमाणावर वृत्तपत्रे करीत आली आहेत. अमेरिकेचा वर्णसंघर्ष आणि कोल्हापूरचा जातिसंघर्ष शेजारी ठेवून पाहिले, तर हे सूत्र स्पष्ट दिसते.

अमेरिकेतील अलीकडचे उदाहरण सर्वपरिचित आहे. २०१६ साली कॉलिन कॅपर्निक हा फुटबॉलपटू सामन्यापूर्वीच्या राष्ट्रगीताच्या वेळी उभा राहिला नाही. कृष्णवर्णीयांना पोलिसांच्या हातून येणाऱ्या मृत्यूंचा निषेध त्याला करावयाचा होता. प्रथम तो बसून राहिला. पुढे एका माजी सैनिकाशी चर्चा करून, मृत सैनिकाला मानवंदना देताना टेकतात तसा त्याने गुडघा टेकला. राष्ट्रगीताचा अवमान होऊ नये आणि निषेधही नोंदला जावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. परंतु महिनोन्‌महिने चर्चा झाली ती गुडघ्याची. पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांचा विषय मागे पडला. २०१७ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अशा खेळाडूंना मैदानाबाहेर हाकलण्याची भाषा केली. २०१६ च्या हंगामानंतर कॅपर्निकला कोणत्याही संघाने घेतले नाही.

ही रीत जुनीच आहे. गुलामीतून निसटून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांना १८५२ साली रॉचेस्टर येथे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त भाषणाला बोलावले, तेव्हा चार जुलैचा हा उत्सव गुलामाच्या दृष्टीने काय आहे, असा सवाल त्यांनी श्रोत्यांसमोर टाकला. डग्लस हे नुसते वक्ते नव्हते; १८४७ पासून ते स्वतःचे वृत्तपत्र चालवीत होते. त्याच्याही आधी, १८२७ साली, न्यू यॉर्कमध्ये 'फ्रीडम्स जर्नल' हे कृष्णवर्णीयांनी चालवलेले पहिले पत्र निघाले. आपली बाजू फार काळ दुसऱ्यांनी मांडली, आता ती आपणच मांडावयाची, ही त्यामागची भूमिका होती.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न अधिक टोकदार झाला. १९४२ साली 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या पत्राने दुहेरी विजयाची मोहीम उघडली. परदेशात फॅसिझमवर विजय आणि स्वदेशात वर्णद्वेषावर विजय, असा तिचा अर्थ होता. वेगळ्या पलटणींत कोंबलेले काळे सैनिक लोकशाहीसाठी मरायला जात होते, आणि त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्या पत्रांवर राजद्रोहाचे खटले भरावेत असा आग्रह गुप्तचर खात्याचे प्रमुख हूव्हर धरीत होते. अॅटर्नी जनरल बिडल यांनी तो मानला नाही, म्हणून ती पत्रे वाचली. सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला तो त्यानंतर, २६ जुलै १९४८ रोजी.

या तारखेपाशी कोल्हापूरच्या वाचकाला थबकावेसे वाटेल. २६ जुलै हाच तो दिवस, ज्या दिवशी १९०२ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. तारखांचा मेळ हा योगायोग आहे. विचारांचा मेळ मात्र योगायोग नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. त्यांच्यापासून महाराष्ट्रातील समतेची चळवळ अमेरिकेकडे आरशासारखी पाहत आली आहे.

त्या आरशात कोल्हापूरचा इतिहास कसा दिसतो? वेदोक्ताच्या प्रकरणात छत्रपतींच्या घराण्याला वेदमंत्रांचा अधिकार नाकारण्यात आला, तेव्हा देशातील सर्वांत प्रभावी मराठी पत्राने, लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने, १९०१ साली या मागणीला खूळ ठरवले. परकी सत्तेविरुद्ध देश उभा करणाऱ्या थोर संपादकाला घरातील विषमतेचा प्रश्न अवेळी उपस्थित केलेला वाटला. येथे कोणाच्याही त्यागाला कमी लेखण्याचे कारण नाही. याच कोल्हापुरातून निघणाऱ्या 'विश्ववृत्त' मासिकातील लेखाबद्दल प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर आणि वामन मल्हार जोशी यांनी तुरुंगवास भोगला. ती देशभक्ती अस्सल होती. शाहू छत्रपती संस्थानिक होते आणि ब्रिटिशांच्या मर्यादेत राहून राज्य करीत होते, हेही खरे. परंतु महाराचे पोर शाळेत बसावे, अस्पृश्याच्या दुकानातला चहा छत्रपतींनी उघडपणे प्यावा, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत व्हावे, हे देशकार्य नव्हे काय? पुण्यामुंबईच्या राष्ट्रीय म्हणवणाऱ्या पत्रांच्या व्याख्येत ते फारसे बसत नव्हते. व्याख्या करणारे हात एकाच समाजातले होते, हे त्याचे मुख्य कारण.

म्हणूनच ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत निघालेल्या 'मूकनायक' पाक्षिकाचे मोल केवळ एका नियतकालिकाचे नाही. बाबासाहेब आंबेडकरांच्या या पत्राला शाहू छत्रपतींनी अडीच हजार रुपयांची मदत केली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या तरुणाजवळ विचार होते. छापखान्याचा खर्च नव्हता. आणि या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, याची नोंद पुढे बाबासाहेबांनीच करून ठेवली. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क मानणाऱ्या पानावर अस्पृश्यांच्या आवाजाला विकतचीही जागा मिळाली नाही! दोनच महिन्यांनी, २१ आणि २२ मार्च १९२० रोजी, कागल जहागिरीतील माणगावी परिषद भरली. तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला, असे शाहू छत्रपतींनी तेथे जमलेल्यांना सांगितले. मदतीची रक्कम आणि माणगावची परिषद ही एकाच कामाची दोन अंगे होत. बोलणारा माणूस उभा करावयाचा, आणि त्याचे बोलणे पोचवणारे साधनही उभे करावयाचे.

देशासाठी मरण्याचा अधिकारही येथे मागून घ्यावा लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी महारांची लष्करभरती बंद केली. ती सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज केला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, महारांची पलटण उभारली गेली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली गेली. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांनी देशाच्या सीमेवर उभे राहण्यासाठी अर्जविनंत्या कराव्या लागल्या. पिट्सबर्गच्या पत्राने मागितलेला दुहेरी विजय आणि कांबळ्यांचा अर्ज यांत भाषेचे अंतर आहे, मागणीचे नाही.

यानंतर स्वातंत्र्य आले. मग तरी प्रश्न मिटावयास हवा होता. १९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावी दलित स्त्रियांना पाण्यावरून विवस्त्र करण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव उचलून मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, आणि राजा ढाले यांनी 'साधना' साप्ताहिकाच्या १५ ऑगस्टच्या अंकात काळा स्वातंत्र्यदिन या विषयावर लेख लिहिला. राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाला होणारी शिक्षा दलित स्त्रीच्या विटंबनेला होणाऱ्या शिक्षेपेक्षा मोठी कशी, हा त्यांचा सवाल होता. डग्लस यांनी एकशेवीस वर्षांपूर्वी चार जुलैविषयी विचारले, तेच ढाले यांनी पंधरा ऑगस्टविषयी विचारले. महाराष्ट्रात वादळ उठले. परंतु ते उठले ढाले यांच्या शब्दांविरुद्ध. ब्राह्मणगावच्या गुन्हेगारांविरुद्ध एवढे वादळ कधीच उठले नव्हते. एका समाजवादी साप्ताहिकाने तो लेख छापला, ही या चळवळीच्या खाती जमा बाजू आहे. त्या साप्ताहिकाच्या वाचकांपैकीही अनेकांना लेखाची भाषा घटनेहून अधिक बोचली, ही खर्चाची बाजू आहे. चळवळीने दोन्ही नोंदी सांभाळल्या पाहिजेत.

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो. ज्या तिरंग्यासाठी १९४२ साली कार्यकर्त्यांनी लाठ्या खाल्ल्या, ज्या स्वातंत्र्यासाठी त्याच वर्षी डिसेंबरात गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेले तरुण हुतात्मे झाले, त्याच्याविषयी कठोर शब्द ऐकून घेणे जड जाते. हे दुःख खोटे नाही. पण गारगोटीचे तरुण कापडाच्या तुकड्यासाठी मेले नाहीत. या भूमीवर कोणी कोणाचा गुलाम राहू नये, या वचनासाठी ते मेले. ते वचन ब्राह्मणगावात मोडले गेले असेल, तर ध्वजाचा अवमान वचन मोडणाऱ्याने केला. मोडल्याची बातमी आणणाऱ्याने नव्हे. १९३१ साली मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना आपल्याला मायभूमी नाही असे सांगितले. त्याच बाबासाहेबांनी पुढे या देशाची राज्यघटना सिद्ध केली. देशावर रागावण्याचा अधिकार ज्याला आहे, तोच देश घडवू शकतो.

वृत्तपत्रांची रचना मात्र आजही फारशी बदललेली नाही. अमेरिकेतील दंग्यांची चौकशी करणाऱ्या कर्नर आयोगाने १९६८ साली तेथील वृत्तपत्रसृष्टीला बजावले की ती गोऱ्यांच्या जगातून, गोऱ्यांच्या नजरेने लिहिते आणि तिच्या कचेऱ्यांत काळे पत्रकार जवळजवळ नाहीत. भारतात २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी केलेल्या पाहणीत वृत्तकचेऱ्यांतील १२१ प्रमुख जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय आढळले. अनुसूचित जाती-जमातींतील एकही नव्हता. याचा परिणाम काय होतो, हे २००६ साली भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीने दाखवले. सप्टेंबरच्या अखेरीस एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांना तिचे गांभीर्य उमगायला लोक रस्त्यावर यावे लागले. बातमी दडपण्याचा कट असावाच लागतो असे नाही. त्या वस्तीत ज्याचा मामा-मावसा राहत नाही, त्याला ती बातमी आपोआपच लहान वाटते.

आणि आता छापखान्याची जागा प्रत्येकाच्या खिशातील यंत्राने घेतली आहे. ७ जून २०२३ रोजी शाहूंच्या याच कोल्हापुरात काही तरुणांच्या मोबाइलवरील 'स्टेटस'वरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले. कोणा पोरांनी काय लावले याचा तपास पोलिसांनी करावयाचा होता. निकाल मात्र जमावाने लावला, आणि आरोपी ठरला एक संपूर्ण समाज. पुढच्याच वर्षी, जुलै २०२४ मध्ये, विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापुरात घरांवर आणि मशिदीवर हल्ले झाले. देशभक्तीची सनद वाटणारे हात बदलले. ती नाकारली जाणारी माणसे तीच, उपेक्षित राहिली. बिंदू चौकात बाबासाहेबांच्या हयातीतच, १९५० साली, माधवराव बागलांच्या पुढाकाराने फुले आणि आंबेडकर यांचे पुतळे उभारणारे शहर हे. त्या चौकातून जाणाऱ्या प्रत्येकाला या दोन घटनांचा जाब द्यावा लागेल.

मग कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? देशभक्तीचा विषय प्रतिपक्षाला देऊन टाकणे ही पहिली चूक ठरेल. फुले, शाहू, आंबेडकर, डग्लस यांपैकी कोणीही ती केली नाही. त्यांनी देशाकडे त्याच्याच वचनांची पूर्तता मागितली. दुसरे काम वाचनाचे. सकाळचे पत्र हाती घेतल्यावर काय छापले एवढेच न पाहता, कोणाला विचारले नाही हे पाहण्याची सवय शाखांतून लावली पाहिजे. दंगल झाली तर जळालेल्या घरातील माणसाचे म्हणणे बातमीत आहे काय? अत्याचार झाला तर वस्तीतील साक्ष आहे काय? नसेल, तर कार्यकर्त्याने स्वतः जाऊन ती आणावी, नावनिशीवार तपासावी आणि मगच लिहावी. ऐकीव मजकूर पुढे ढकलणारा कार्यकर्ता जमावाचेच काम करतो.

तिसरे काम पैशाचे आहे, आणि ते बोलायला संकोच वाटतो म्हणून नेहमी मागे राहते. 'मूकनायक'ला अडीच हजार रुपये लागले. ते एका राजाने दिले. आज राजे नाहीत, वर्गणीदार आहेत. लहान नियतकालिके वर्गणीअभावी बंद पडतात आणि तीच माणसे मोठी पत्रे आपले छापत नाहीत म्हणून तक्रार करतात. प्रत्येक तालुक्यात दलित, मुस्लिम, भटक्या समाजातील दोन तरुण-तरुणी बातमी लिहायला शिकले, आणि त्यांनी लिहिलेले छापण्याइतकी वर्गणी त्याच तालुक्यातून उभी राहिली, तरी माणगावच्या परिषदेचे काम एक पाऊल पुढे जाईल. हे काम मोठ्या सभेचे नाही. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरण्याचे आहे.