‘नवऱ्याला घेऊन या’ म्हणण्याआधी

मा. आरोग्यमंत्री, मा. प्रकल्प संचालक, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, आणि सर्व जिल्हा शल्यचिकित्सक यांस,



तालुक्याच्या एका सरकारी दवाखान्यात समुपदेशकाच्या खुर्चीवर मी बरीच वर्षं काढली. लैंगिक संसर्गाची औषधं आमच्याकडे पाकिटांच्या रंगांवरून ओळखली जात: करडं, हिरवं, पांढरं, लाल, पिवळं. लक्षणं बघून त्या त्या रंगाचं पाकीट द्यायचं. तपासणीच्या अहवालासाठी बाईला चार खेपा घालाव्या लागत नाहीत, म्हणून ही पद्धत मला पटते. माझी तक्रार पाकीट हातात ठेवल्यावर आम्ही जे वाक्य उच्चारतो त्याबद्दल आहे: “पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या.”

वाक्य चुकीचं नाही. जोडीदाराने औषध घेतलं नाही, तर संसर्ग परत होतो. पण ते घरी जाऊन बोलायचं कुणी?

पस्तिशीतली एक बाई होती. ओटीपोटात दुखायचं, अंगावरून जायचं. तिला पिवळं पाकीट मिळालं, म्हणजे चौदा दिवसांच्या गोळ्या. तिने माझ्यासमोरच खोकं फाडून टेबलाखालच्या टोपलीत टाकलं आणि पट्ट्या बाजारातून आणलेल्या हरभऱ्याच्या डाळीत खोल खुपसल्या. म्हणाली, “सासू डबे उघडून बघती, पण डाळीत हात न्हाई घालत.” उठता उठता थांबली. “मॅडम, ते इचारतील, कुठनं आणलंस हे? मी तर घर सोडून कुठं गेले न्हाई.” बाहेर दहा-बारा बाया ताटकळत होत्या. मी तिला निरोधची पाकिटं दिली आणि रजिस्टरमध्ये ‘समुपदेशन केले’वर खूण केली. ती पुन्हा आली नाही. नवराही आला नाही.

त्या दिवशी तिला सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. संसर्ग आज दिसला म्हणजे तो परवा लागला असं नसतं. नागिणीच्या जातीतला जननेंद्रियांवरचा विषाणू, म्हणजे हर्पीस, शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहून मग फोड उठवू शकतो. परम्यासारख्या आजारात कित्येक बायकांना काही जाणवतच नाही. त्यामुळे आधी कुणाला झालं, हे बहुतेक वेळा डॉक्टरलाही ठरवता येत नाही. आणि हिरव्या पाकिटातली एक गोळी तर बुरशीसाठी असते. बुरशी मधुमेहात वाढते, गरोदरपणात वाढते, दुसऱ्या आजारासाठी घेतलेल्या प्रतिजैविकांनीही वाढते. हिरवं पाकीट घेणाऱ्या बाईच्याही माथी ‘गुप्तरोग’ मारून आपण तिला घरी पाठवतो, आणि तिचा तो डाग गोळीने जात नाही.

हे सगळं नीट सांगायला, तिचं रडणं ओसरू द्यायला आणि “घरी मारहाण होते का?” हे विचारून उत्तराची वाट बघायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आम्हाला मिळतात चार. मारहाणीची भीती असेल तर नवऱ्याला बोलवायचं कसं, कधी, की सध्या नकोच, हे तिच्याशी बोलूनच ठरवावं लागतं. जोडीदारासाठी देतो त्या छापील चिठ्ठीने ते होत नाही.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. (सगळे लैंगिक संसर्ग नव्हते, पण अंगावर काढण्याची रीत तीच.) इतक्या वर्षांनंतर बाई दवाखान्यापर्यंत यायला लागली. आता ती आल्यावर आपण तिच्याशी काय बोलतो, एवढंच माझं विचारणं आहे.

फोनवर बोलायला ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, हे मला कुणीतरी नक्की सांगेल. आहे, आणि चांगला आहे. पण कित्येक घरांत फोन नवऱ्याच्या खिशात असतो. शिवाय ‘अंगावरून पांढरं जातं’ हे बोलायला समोर बाईमाणूस लागतं, आणि दाराला कडी.

म्हणून मागणं असं. पहिल्या भेटीनंतर आठवड्याभरात दुसरी भेट ठरलेली असावी आणि ती गोळ्यांसाठी नसावी. जोडीदाराच्या चिठ्ठीवर आजाराचं नाव नको, ‘तपासणीसाठी यावे’ पुरे. नवऱ्याला बोलवायचं की नाही, याचा शेवटचा शब्द बाईचा असावा. रजिस्टरमध्ये खुणेऐवजी किती वेळ बोललो ते लिहावं लागावं. तुमच्या आढावा बैठकीत मग तो आकडा तरी कुणी विचारेल. आणि समुपदेशकांना वर्षावर्षाच्या कंत्राटावर लटकवू नका. बाईने एकदा जिला सगळं सांगितलं, ती पुढच्या खेपेला खुर्चीवर असायला हवी.

आणखी एक. आमच्या खोलीबाहेर लाल अक्षरांत ‘गुप्तरोग विभाग’ लिहिलेलं होतं. बाया त्या दारावरून दोनदा पुढे जायच्या, पाण्याच्या टाकीपाशी थांबायच्या आणि व्हरांडा रिकामा झाला की आत शिरायच्या. काही तशाच एसटी स्टँडकडे वळायच्या. ज्या ज्या दवाखान्यात अशी पाटी असेल, ती या आठवड्यातच पुसून घ्या. त्याला कुठल्या मंजुरीची वाट बघायला नको.

आपली,
एक समुपदेशक