एकबाणी भाता

स्की करणाऱ्यांच्या इंग्रजी बोलीत घरातल्या स्कींच्या संग्रहाला 'भाता' म्हणण्याची रीत आहे. भुसभुशीत ताज्या हिमासाठी एक बाण, यंत्राने दाबलेल्या उतारांसाठी दुसरा, वसंतातल्या ओल्या हिमासाठी तिसरा. एकाच जोडीवर सारे भागवू पाहणाऱ्याचा भाता अर्थातच एका बाणाचा. प्रभू रामचंद्र एकबाणी होते ते सामर्थ्यामुळे. आम्ही एकबाणी आहोत ते खिशामुळे आणि भाड्याच्या घरातील एकुलत्या एका कपाटामुळे. असो.

आमचे वास्तव्य युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. शहराच्या पूर्वेला वासॅच पर्वताची भिंत उभी आहे आणि तिच्या एका घळीत, १९३९ पासून लिफ्ट चालवणारे अल्टा हे स्थळ आहे. तेथे हंगामात सरासरी पाचशे इंचांहून अधिक हिम पडते. अशा गावी राहणाऱ्याने एकच जोडी घ्यायची तर कोणती, हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात आम्हांला पडला. दुकानात गेल्यावर उत्तर तयारच होते : "मधली घ्या. निम्मी पावडरसाठी, निम्मी दाबलेल्या उतारासाठी." या सुवर्णमध्याविषयी आमची तक्रार आहे.

प्रथम हिमाविषयी. आपल्या भाषेत शीतपेयातला खडाही बर्फ आणि आकाशातून पडणारी भुकटीही बर्फ; 'हिम' हा शब्द आपण बहुधा कवितेसाठी आणि भूगोलाच्या पुस्तकासाठी राखून ठेवला. त्यामुळे येथे मांडला जाणारा भेद मराठी वाचकाला किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तो किरकोळ नाही. ताज्या पावडरीत बहुतांश हवाच असते आणि तीत स्की अक्षरशः तरंगावी लागते. दाबलेल्या उतारावर रात्रभर यंत्रे फिरतात. सकाळी तो नुकत्याच वखरलेल्या शेतासारखा बारीक समांतर रेघांनी भरलेला दिसतो, आणि दोन थंड रात्री गेल्या की टाइल्सच्या फरशीइतका टणक होतो. पहिल्या ठिकाणी स्कीचा तळ काम करतो, दुसऱ्या ठिकाणी तिची पोलादी कड. नावेने नांगरटही करावी, अशातलीच ही मागणी होय.

स्कीचा स्वभाव बराचसा तिच्या कंबरेवरून कळतो. कंबर म्हणजे बुटाखालची सर्वांत अरुंद जागा. दाबलेल्या उताराच्या स्कीची कंबर साधारण ७० ते ८० मिलिमीटर, पावडरच्या स्कीची ११० च्या आसपास किंवा त्याहूनही अधिक. रुंदीने तरंगणे सोपे होते हे कोणालाही कळेल. तिची किंमत कोठे मोजावी लागते हे मात्र दुकानात सहसा सांगत नाहीत. स्कीच्या बुटाचा तळ पुढच्या बाजूस सुमारे ७० मिलिमीटर रुंद असतो. स्की तितकीच रुंद असेल तर कलंडल्यावर कड जवळपास बुटाच्या किनारीखाली येते आणि अंगाचा भार सरळ तिच्यावर उतरतो. कंबर ११२ ची असेल तर कड बुटाच्या मध्यापासून ५६ मिलिमीटर दूर, म्हणजे बुटाच्या बाहेर जाते. मग टणक हिम त्या तरफेच्या जोरावर स्कीला पुन्हा सपाट करू पाहते आणि तिला कलंडलेली ठेवण्याचे काम घोटा व गुडघा यांच्याकडे येते. आमच्या उजव्या गुडघ्याला हे ज्ञान जानेवारीतल्या एका सकाळी, भाड्याने आणलेल्या रुंद जोडीवर झाले. त्यानंतर सहा आठवडे आम्ही जिना एकेक पायरीने उतरत होतो.

या दोन स्वभावांचा इतिहासही दोन वेगळ्या वाटांनी आला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या अटॉमिक कंपनीतील रुपर्ट हुबर यांनी पावडरसाठी जाडजूड रुंद स्की घडवली. १९९० च्या दशकाच्या आरंभी स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने टोके रुंद व कंबर बारीक अशी खोल वळणाची स्की आणली आणि दाबलेल्या उतारावरचे वळण सामान्य माणसाच्या आटोक्यात आले. पुढे शेन मॅकॉन्की या अवलियाने अलास्काच्या पर्वतावर चक्क पाण्यावरच्या स्की वापरून पाहिल्या. पावडर हे पाण्यासारखे आहे, जमिनीसारखे नाही, हा त्याचा विचार. त्यातून २००२ साली व्होलांट कंपनीची 'स्पॅटुला' निघाली. तिची टोके वर उचललेली, आणि पोट कंबरेपाशी रुंद, म्हणजे तोवरच्या स्कीच्या बरोबर उलट. २००९ साली डोलोमाइट पर्वतात कड्यावरून उडी घेताना मॅकॉन्कीचा मृत्यू झाला. आज बहुतेक साऱ्या स्कींच्या उचललेल्या नाकांत त्याच्या त्या वेडाचा अंश आहे. पण स्पॅटुला टणक हिमावर चालवणे ही शिक्षाच होती, आणि ती तशी असणार हे तिच्या कर्त्याला पुरते ठाऊक होते. आम्हांला हा प्रामाणिकपणा आवडतो.

'निम्मी-निम्मी' स्की असा प्रामाणिकपणा दाखवत नाही. ती पावडरीत बुडते थोडी कमी आणि टणक हिमावर घसरते थोडी कमी. आमच्या मते निवड करताना दोन गुणांची सरासरी काढू नये. कोणता दोष आपल्याला अंगमेहनतीने भरून काढता येईल, हे पाहावे. पावडरीत अरुंद स्कीची उणीव भरून काढता येते. वेग थोडा वाढवावा, दोन्ही पाय जवळ ठेवून त्यांच्यावर सारखा भार द्यावा, वळण घाईने ओढू नये. आल्फ एंगेन आणि त्यांच्या समकालीनांनी याच अल्टात अरुंद लाकडी स्कींवर खोल पावडरीचे तंत्र बसवले, तेव्हा रुंद स्की जन्मालाही आली नव्हती. टणक उतारावर मात्र रुंद स्कीच्या दूर गेलेल्या कडेला असा उपाय नाही. तंत्राने तेथे थोडेफार निभते. उरलेले गुडघा भरतो.

याला एक आधार हिमाकडूनच मिळतो. युटा विद्यापीठातील हवामानशास्त्राचे प्राध्यापक जिम स्टीनबर्ग यांनी वासॅचच्या हिमावर पुस्तक लिहिले आहे. त्यांचे म्हणणे असे, की येथले हिम जगात सर्वांत हलके आहे म्हणून ते चांगले नव्हे; वादळाच्या आरंभी जड आणि शेवटी हलके हिम पडते, म्हणून ते चांगले. वरची भुकटी तोंडावर उडते आणि खालचा थर स्कीला तोलून धरतो. ज्या हिमाच्या अंगातच असा आधार आहे, तेथे आणखी पंधरा मिलिमीटर लाकूड वाहून नेण्याची निकड कमी होते.

आणि दिवस मोजावेत. आम्ही आमची वही काढून पाहिली. गुडघाभर पावडरीचे दिवस बोटांवर मोजण्याइतके निघाले, आणि त्यांतही अकरा वाजेपर्यंत सारा डोंगर तुडवला गेलेला. उरलेले दिवस दाबलेल्या उतारांचे आणि कालच्या हिमाच्या ढेकळांचे. आपण स्वतःविषयी सांगतो ती गोष्ट पावडरची असते, भिंतीवरचे छायाचित्रही पावडरचेच. दुकानदार त्या छायाचित्राला स्की विकतो.

गुलमर्गला हेच गणित उलटते, हेही सांगायला हवे. तेथे २००५ पासून गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या उंच खांद्यापर्यंत नेऊन सोडतो आणि वरच्या उतारांवर दाबलेले हिम जवळजवळ नाहीच. तेथे एक जोडी न्यायची तर ती रुंदच हवी. आमचे एक स्नेही दरवर्षी तेथे जातात. ते ११६ च्या खाली बोलतच नाहीत, आणि तेथे त्यांचे बरोबर आहे. वासॅचला आल्यावरही त्यांनी तेच धरून ठेवले, तेथे आमचे मतभेद सुरू होतात.

आम्ही शेवटी ८८ ची घेतली. पायाखाली कमानदार, नाक जरासे उचललेले, शेपूट सरळ. फेब्रुवारीतल्या मोठ्या वादळाच्या दुसऱ्या सकाळी स्नेही पहिल्या उतारावर आमच्या बरेच पुढे निघून गेले आणि खाली हात चोळत आमची वाट पाहत उभे राहिले. आम्ही पोहोचलो तेव्हा मांड्या भरून आल्या होत्या, हे नाकारत नाही. दुपारी दोनच्या सुमारास, सावलीतल्या टणक उतारावर, वाट पाहण्याची पाळी आमची होती.

पुढच्या वेळी तसे वादळ आले, तर त्या एका दिवसापुरती रुंद जोडी भाड्याने घ्यावी असे ठरले आहे. भाड्याचे दुकान लिफ्टच्या आधी तासभर उघडते.