मात्रा दिसू द्या



जुनी, हाताने लिहिलेली स्टाफ नोटेशनची पाने संगणकावर उतरवून कॉयरला वाटण्याचे काम हल्ली बऱ्याच मंडळ्यांत चालू आहे. चांगलेच काम आहे. त्याबाबत आमचे एक ठाम मत आहे: ताल लिहिताना दोन चिन्हे जास्त लागली तरी चालतील, पण बारमधला ठोका कुठे पडतो ते डोळ्यांना दिसलेच पाहिजे.

दादऱ्याचेच घ्या. आपली कितीतरी भजने दादऱ्यात आहेत. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन विभाग. म्हणून ती ६/८ मध्ये लिहायची. समजा चालीत एके ठिकाणी सा, रे, ग हे स्वर दोन-दोन मात्रांचे आले. लिहिणारा सरळ तीन क्रॉचेट मांडून मोकळा होतो. हिशेब बरोबर, सहा मात्रा भरल्या. पण वाचणाऱ्याला तो बार ३/४ चा वाटतो. चौथ्या मात्रेवरची खाली ‘रे’च्या पोटात गडप होते, आणि तबला एकीकडे, आल्टो दुसरीकडे. त्याऐवजी ‘रे’ दोन क्वेव्हरमध्ये तोडून त्यांना टाय द्यावा.

काहींना हा टाय परका, इंग्रजी वाटतो. मुळीच नाही. हेच स्वर भातखंडे पद्धतीत ‘सा – रे | – ग –’ असे लिहितात. स्वर लांबला म्हणून विभागाची उभी रेघ हलत नाही. रेघेपलीकडे आडवी खूण येते, आणि शब्दाच्या ओळीत तिथे ऽ येतो. ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय १९१८ साली भातखंड्यांच्याच मार्गदर्शनाने सुरू झाले, तेव्हा आपल्या या भागातल्या घरांत ही लिपी पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची. टाय म्हणजे तीच आडवी खूण.

४/४ मध्येही तेच. तिसऱ्या ठोक्यावरून पलीकडे जाणारा स्वर तिथे तोडावा, म्हणजे बारचा मध्य उघडा राहतो. क्वेव्हर-क्रॉचेट-क्वेव्हर हा साचा अर्ध्या बारच्या आत बसत असेल तर मात्र खुशाल तसाच ठेवावा. तो सगळ्यांच्या नजरेत बसलेला आहे. जुन्या गीतपुस्तकांत प्रत्येक अक्षराचा क्वेव्हर सुटा, शेपटीसकट छापत. आम्हाला ठोक्याप्रमाणे बीमने बांधलेले गट पसंत आहेत. एका अक्षरावर दोन स्वर असतील तर स्लर आहेच.

जाणकार म्हणतात, टायची गर्दी झाली की पान कुरूप दिसते. दिसत असेल. पण पान जाणकारांसाठी छापत नाहीत. त्यांना चाल पाठच असते. नवी आलेली सून, कन्फर्मेशन नुकतेच झालेला मुलगा, यांच्यासाठी छापतात. दोन रविवार ताल चुकला की अशी माणसे काही न बोलता मागच्या बाकावर जाऊन बसतात, आणि पुन्हा पुढे येत नाहीत. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १४ वा अध्याय काढून पाहा. पावा, वीणा आणि कर्णा यांचा दाखला तो देतो तो याच काळजीने, की ऐकणाऱ्याला काही कळावे.

संगणक आपण भरू तसेच छापतो, हेही लक्षात असू द्यावे. म्हणून झेरॉक्सला देण्याआधी पान अशा एखाद्या मुलीच्या हाती द्यावे जिने ती चाल ऐकलेली नाही. पेटी बंद ठेवून, नुसती टाळी देत तिला वाचू द्यावे. ती जिथे अडखळेल तिथे पेन्सिलने खूण करावी आणि तो बार पुन्हा लिहावा.