विक्रमी पर्यटन, थकलेला निसर्ग : श्रीलंकेपुढील नवा पेच

एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर करणाऱ्या श्रीलंकेला सावरण्यात पर्यटनाचा वाटा मोठा आहे. ईस्टर २०१९ चे बॉम्बस्फोट, पाठोपाठ कोरोनाची साथ आणि त्यानंतर इंधन व औषधांची टंचाई, अशा सलग आघातांनी हा व्यवसाय जवळपास कोलमडला होता. २०२४ मध्ये मात्र २० लाखांहून अधिक परदेशी पर्यटक या द्वीपराष्ट्रात आले आणि २०२५ मध्ये २०१८ चा सुमारे २३ लाखांचा उच्चांकही मागे पडला. या पाहुण्यांमध्ये सर्वाधिक संख्या भारतीयांची आहे. २०२४ मध्येच ती चार लाखांच्या पुढे गेली होती.

विक्रमाच्या याच वर्षाअखेरीस, नोव्हेंबर २०२५ मध्ये, ‘दितवाह’ चक्रीवादळाने देशाला तडाखा दिला. सहाशेहून अधिक जणांचा बळी गेला. सर्वाधिक हानी कॅंडी, नुवारा एलिया आणि बदुल्ला या डोंगराळ जिल्ह्यांत झाली. चहामळ्यांचे उतार खचले आणि पर्यटकांच्या आवडत्या डोंगरी रेल्वेमार्गाचीही मोडतोड झाली. ज्या निसर्गाच्या बळावर देश सावरतो आहे, त्या निसर्गावर किती भार टाकायचा, हा प्रश्न या आपत्तीमुळे ऐरणीवर आला आहे.

अवघ्या ६५,६१० चौरस किलोमीटरच्या या बेटाला निसर्गाने विलक्षण वैविध्य बहाल केले आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर या काळात दक्षिण व पश्चिम भागांत बरसतो, तर ईशान्य मोसमी पावसाचा भर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पूर्व व उत्तर भागांत असतो. त्यामुळे एका किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असताना दुसरा किनारा शांत असतो. मिरिसा, वेलिगामा, हिक्काडुवा येथील हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असा चालतो. त्यानंतर पूर्वेकडील अरुगम बे येथे लाटांवर स्वार होणाऱ्यांची गर्दी होते आणि त्रिंकोमालीजवळील पिजन आयलंडची प्रवाळे पाहण्यासाठी पाणबुडे येतात. पर्यटकांचा भार वर्षभर आणि सर्वदूर विभागण्याची सोय निसर्गानेच करून ठेवलेली आहे. तिचा पुरेसा उपयोग होत नाही, हे खरे दुखणे आहे.

याला प्रमुख उदाहरण याला राष्ट्रीय उद्यानाचे. सुमारे ९७९ चौरस किलोमीटरचे हे उद्यान बिबट्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. परंतु बहुसंख्य जीपगाड्या पहिल्या विभागातच शिरतात आणि बिबट्या दिसल्याची वार्ता पसरताच एकाच वळणावर त्यांची रांग लागते. त्या तुलनेत आकाराने सर्वांत मोठे असलेले विल्पत्तु, पक्ष्यांसाठी ख्यात असलेले कुमना किंवा नावेतून वन्यजीव पाहण्याची संधी देणारे गल ओया ही उद्याने शांत आहेत. पर्यटकांना तिकडे वळवायचे, तर चांगले रस्ते, प्रशिक्षित वाटाडे आणि मुख्य उद्यानातील वाहनसंख्येवर काटेकोर मर्यादा या तिन्ही गोष्टी एकत्र व्हाव्या लागतील.

हत्तींची स्थिती अधिक गंभीर आहे. मिन्नेरिया तलावाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत उगवते आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास शेकडो हत्ती तेथे जमतात. आशियाई हत्तींचा एवढा मोठा मेळा अन्यत्र क्वचितच दिसतो. मात्र श्रीलंकेतील हत्तींच्या वावराचा सुमारे ७० टक्के प्रदेश संरक्षित क्षेत्राबाहेर, म्हणजे शेती आणि वस्तीच्या सान्निध्यात आहे. २०११ च्या गणनेत ५,८७९ हत्ती आढळले होते; २०२३ या एका वर्षात साडेचारशेहून अधिक हत्ती मृत्युमुखी पडले आणि संघर्षात दीडशेहून अधिक माणसांनी प्राण गमावले. फेब्रुवारी २०२५ मध्ये हबरनाजवळ रेल्वेच्या धडकेत सहा हत्ती दगावले. हत्ती पाहण्यासाठी पर्यटक मोजतो त्या पैशाचा लाभ पीक गमावणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही, तोवर त्या शेतकऱ्याकडून सहनशीलतेची अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल.

नियमनाने परिस्थिती सुधारते, याचे दाखले याच देशात आहेत. मिरिसासमोरच्या समुद्रात निळे देवमासे दिसतात आणि त्याच पाण्यातून जगातील अतिशय वर्दळीचा जलमार्ग जातो. जहाजांच्या धडकेने देवमासे मरत असल्याने मार्ग दक्षिणेकडे सरकवावा, अशी मागणी संशोधक दीर्घकाळ करत होते. २०२२ मध्ये एमएससी या जगातील आघाडीच्या मालवाहू कंपनीने स्वतःहून आपली जहाजे सुमारे १५ सागरी मैल दक्षिणेकडून नेण्यास प्रारंभ केला. हॉर्टन प्लेन्सच्या पठारावर प्रवेशद्वारापाशीच पर्यटकांकडील प्लास्टिकची वेष्टने काढून घेतली जातात आणि ‘वर्ल्ड्स एंड’ या सुमारे ८७० मीटर खोल कड्यापर्यंतची वाट पायीच तुडवावी लागते. निर्बंध आहेत म्हणून पर्यटक पाठ फिरवत नाहीत. उलट धुके कडा झाकण्यापूर्वी पोहोचण्यासाठी ते पहाटेच निघतात.

डोंगरी भागाच्या पुनर्उभारणीत पायवाटांना अग्रक्रम द्यावा, असे म्हणण्यास आधार आहे. जुन्या चहामळ्यांमधील वाटा जोडून तयार केलेला पेको ट्रेल ३०० किलोमीटरहून लांब असून २२ टप्प्यांत विभागलेला आहे. पायी जाणारा पर्यटक गावात मुक्काम करतो, तेथेच जेवतो आणि त्याचा खर्च बऱ्याच अंशी तेथील कुटुंबांच्या हाती पडतो. मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या आणि दितवाहने बेघर केलेल्या तमिळ भाषक कुटुंबांसाठी असे उत्पन्न मोलाचे आहे. याउलट, दृश्य सुंदर म्हणून खचणाऱ्या उतारांवरच पुन्हा हॉटेले उभी राहिली, तर पुढचे वादळ त्याची किंमत वसूल करील.

या निर्णयांची जबाबदारी कोलंबोतील सरकारची असली, तरी सर्वांत मोठा पाहुणा म्हणून भारतीय पर्यटकाची पसंतीही निर्णायक आहे. हंगामानुसार किनारा निवडणे, गर्दीच्या उद्यानाला पर्याय शोधणे आणि जीपचालकाला प्राण्याच्या अगदी जवळ जाण्याचा आग्रह न करणे, एवढे त्याच्या हाती निश्चितच आहे. श्रीलंकेने विक्रमी पर्यटकसंख्या गाठून दाखवली. आता तिच्या यशाचे मोजमाप आलेल्या माणसांच्या संख्येबरोबरच राखलेल्या हत्तींवरून आणि सावरलेल्या डोंगरउतारांवरूनही व्हायला हवे.