हॉप्सची जोडी आणि छोट्या ब्रुअरीची कोंडी

पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, तेव्हा जागेवर तयार होणारी ताजी बिअर ही नवलाई होती. आज पुणे, बेंगळुरू आणि गोव्यात छोट्या ब्रुअरी रुळल्या आहेत. मात्र ग्लासातल्या आयपीएला येणारा आंब्या-लिंबाचा वास बहुतेक वेळा फळाचा नसतो, तो हॉप्सचा असतो. आणि हे हॉप्स येतात परदेशातून. खरी कोंडी इथेच आहे.

हॉप्स म्हणजे एका वेलीची शंकूसारखी हिरवी फुलं. माल्टच्या उकळत्या रसात ती टाकली की त्यातल्या अल्फा आम्लांमुळे कडवटपणा उतरतो. पण वास देणारी तेलं उकळीत उडून जातात. म्हणून वासाचे हॉप्स अगदी शेवटी किंवा बिअर आंबताना घालतात. फोडणीतला कढीपत्ता वेगळा आणि वरून पेरलेली कोथिंबीर वेगळी, तसंच हे.

जोडी का लागते?

हॉप्समधलं लिनालूल धण्यातही असतं आणि जिरॅनिऑल रोशा गवताच्या तेलात. बिअर आंबवणारं यीस्ट यातल्या काही जिरॅनिऑलचं लिंबाच्या अंगाने जाणाऱ्या सिट्रोनेलॉलमध्ये रूपांतर करतं. ही तिन्ही एकत्र आली की वास एकेकट्यापेक्षा जास्त खुलतो, हे जपानच्या सप्पोरो कंपनीतल्या संशोधकांनी दाखवलं आहे. म्हणजे एका वाणात जे कमी, ते दुसऱ्यातून भरून काढायचं. सिट्रा आणि मोझेक ही जोडी जगभर चालली.

दुसरी बाजू

सिट्रा आणि मोझेक ही खासगी मालकीची, पेटंट असलेली वाणं आहेत. कुणी लावायची, किती लावायची हे मालक ठरवतात. अमेरिकेच्या हॉप्सपैकी सुमारे तीन चतुर्थांश पीक एकट्या वॉशिंग्टन राज्यातलं, तेही मुख्यतः याकिमा खोऱ्यातलं. साठा वाढल्यामुळे २०२३ आणि २०२४ मध्ये तिथलं क्षेत्र कमी करण्यात आलं. युरोपात प्रश्न हवामानाचा. २०५० पर्यंत तिथल्या पारंपरिक हॉप्सचं उत्पादन ४ ते १८ टक्क्यांनी आणि अल्फा आम्लं २० ते ३१ टक्क्यांनी घटतील, असा अंदाज २०२३ च्या एका अभ्यासात मांडला गेला.

आपल्याकडे पिकवावेत, तर हॉप्सना उन्हाळ्यात लांब दिवस लागतात. कोकण-गोव्यात ते नाहीत. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात ही शेती झाली, पण आयात माल आणि भाजीपाल्याची रोख कमाई यांच्यापुढे ती मागे पडली.

मग मार्ग काय?

पाककृती वाणाच्या नावावर नव्हे, तर त्याच्या कामावर बांधायची. कडवटपणा कोण देणार, फुलांचा वास कोण, लिंबूवर्गीय फळांचा कोण, हे आधी ठरवायचं. कॅस्केड (१९७२), चिनूक (१९८५) आणि सेंटेनियल (१९९०) ही वाणं सार्वजनिक संशोधनातून आली आहेत, त्यांच्यावर एका कंपनीची मालकी नाही. चिनूकचा कडवटपणा आणि वरून कॅस्केड-सेंटेनियलची जोडी, एवढ्यावर उत्तम आयपीए उभी राहते. सिट्राचा आंबा-लिचीचा वास त्यातून हुबेहूब मिळणार नाही, हे खरं. पण आंब्याचाच वास हवा असेल तर आंबा कोकणात आहेच.

मोठी कंपनी आगाऊ करार करून माल अडवून ठेवते. छोट्या ब्रुअरीकडे ना तेवढं भांडवल, ना तेवढं शीतगृह. त्यात हॉप्स उष्णतेत आणि हवेत पटकन खराब होतात. त्यामुळे एका नावाजलेल्या वाणावर सगळा खेळ लावणं परवडणारं नाही. एक जोडी मिळाली नाही तर दुसरी कोणती, याचं उत्तर ज्या ब्रुअरकडे तयार असेल, त्याच्या नळाची बिअर याकिमात क्षेत्र घटलं म्हणून चव बदलणार नाही.