श्वासाचा इलाज गावात हवा

एम्फिसीमा झालेल्या माणसाचे फुफ्फुस पुन्हा पहिल्यासारखे होत नाही, हे खरे. म्हणून त्याच्यावर इलाजच नाही, हे मात्र साफ खोटे. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत या खोट्याच्या भरवशावर अनेक माणसे वर्षानुवर्षे बाजेवर बसून काढतात. ‘वय झालं, दमा आहे, आता असंच चालायचं’ असे घरचे म्हणतात आणि दवाखान्यातूनही फारसे वेगळे काही ऐकू येत नाही. इलाज आहे. त्यातला बराचसा स्वस्त आहे आणि गावात देता येण्यासारखा आहे. तो गावापर्यंत नेण्याची जबाबदारी सरकारची आहे आणि त्यासाठी लागणारा पैसा याच जिल्ह्यांच्या जमिनीतून निघतो, हे आज स्पष्टपणे सांगण्याची गरज आहे.

निरोगी फुफ्फुसात कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. वर्षानुवर्षांच्या धुराने आणि धुळीने त्यांच्या भिंती झिजतात, फाटतात. लहान लहान कोश मिळून मोठ्या, ढिल्या पोकळ्या तयार होतात आणि फुफ्फुसाची लवचीकता निघून जाते. मग हवा आत शिरते, पण पुरती बाहेर पडत नाही. छाती शिळ्या हवेने फुगलेली राहते आणि ताज्या हवेला जागा उरत नाही. सुरुवातीला धानाचे बोरे उचलताना दम लागतो, मग बोअरिंगवरून पाण्याची गुंडी आणताना, पुढे अंगणातून घरात येताना आणि शेवटी अंगावर कपडे चढवतानाही. डॉक्टर हा आजार ‘सीओपीडी’ या मोठ्या गटात धरतात. या गटातल्या रुग्णांची संख्या २०१६ मध्ये भारतात साडेपाच कोटींच्या घरात होती, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. गावात मात्र या साऱ्याला एकच नाव आहे, दमा.

आपल्या भागात याची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. बिडी तर आहेच. पण बिडीला कधी हात न लावलेल्या बायकाही धापा टाकतात, कारण कोंदट सपरीत चुलीसमोर फुकणी घेऊन त्यांचे आयुष्य गेलेले असते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले होते. त्यात घुग्घुस, बल्लारपूर, माजरीच्या कोळशाची भर पडते, गडचांदूर परिसरातल्या सिमेंट कारखान्यांची भर पडते आणि चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राचीही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे होते. उन्हाळ्यात मोहफूल वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणूनही जंगलात आगी लागतात. जुन्या क्षयरोगाने फुफ्फुसावर ठेवलेले व्रण वेगळेच.

इलाजाची पहिली पायरी म्हणजे रोग ओळखणे, आणि गाडी बहुतेकदा तिथेच अडते. खोकला आणि धाप घेऊन आलेल्या रुग्णाच्या थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी होते. ती व्हायलाच हवी. पण ती निर्दोष आली की पुढचा शोध थांबतो. मग दर थंडीत एक इंजेक्शन, चार दिवसांच्या गोळ्या आणि घरी. स्पायरोमीटर नावाच्या छोट्या यंत्रात रुग्णाने पूर्ण ताकदीने फुंकायचे असते. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली आणि औषध देऊनही ती तशीच राहिली, तर श्वासमार्गातला अडथळा कायमचा आहे हे कळते. क्ष-किरण चित्रात सुरुवातीचा आजार सहसा दिसत नाही, यंत्रात दिसतो. हे यंत्र आणि ते नीट वापरणारा प्रशिक्षित माणूस प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हवा.

दुसरी पायरी पंपाची. पंपाविषयी लोकांच्या मनात मोठी भीती आहे. ‘एकदा लागला की सुटत नाही’, ‘शेवटचं औषध आहे’ असे म्हणत माणसे तो नाकारतात आणि गोळी-सुईवर राहतात. खरे तर पंपातून औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून मात्रा अगदी कमी लागते आणि गोळीने होणारी छातीची धडधड व हातांचा कंप बराच टळतो. पण पंप हाती देऊन भागत नाही, तो घ्यायला शिकवावे लागते. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, कळ दाबतानाच हळूहळू श्वास आत घ्यायचा, दहा आकडे होईपर्यंत रोखायचा, आणि पंपात स्टेरॉइड असेल तर शेवटी चूळ भरायची. थरथरत्या हातांना हे साधत नसेल, तर पंप आणि तोंड यांच्यामध्ये स्पेसर नावाची पोकळ नळी लावतात. तोही नसला तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून काम भागते. दक्षिण आफ्रिकेत दमेकरी मुलांवर अशी बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीस तोड ठरल्याचे १९९९ मध्येच सिद्ध झाले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात श्वासनलिका दीर्घकाळ मोकळी ठेवणारे पंप बारमाही मिळाले पाहिजेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा मुख्य आधार रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो. या रुग्णाची गरज तर रोजच्या पंपाची आहे, तो मिळाला तर दाखल होण्याचीच वेळ कमी येईल. फ्लू आणि न्यूमोकोकल लशीही त्याच कारणासाठी हव्यात.

तिसरी पायरी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित, ती म्हणजे व्यायाम. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने पायांतली ताकद जाते आणि ताकद गेल्याने आणखी लवकर दम लागतो. हे चक्र तोडण्याच्या उपचाराला श्वसन पुनर्वसन म्हणतात. २०१५ मध्ये ‘कॉक्रेन’ने ६५ चाचण्यांचा आढावा घेऊन सांगितले की, याने धाप कमी होते आणि चालण्याची क्षमता वाढते. याच्या उपयोगाबद्दल आता शंकेला जागा नाही. याला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. शाळेच्या व्हरांड्यात मोजून येरझारा, खुर्चीवरून ऊठबस, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणे, एवढे आठ आठवडे नियमाने करून घेणारी व्यक्ती लागते. सोबत पोटभर सकस जेवण हवे, कारण नुसता श्वास ओढण्यातच या रुग्णाची शक्ती खर्च होते आणि तो वाळत जातो.

आजार पुढे गेलेल्यांना ऑक्सिजन लागतो. रक्तातले प्रमाण कायम ८८ टक्के किंवा त्याखाली राहणाऱ्यांना दिवसातले किमान १५ तास ऑक्सिजन दिला तर आयुष्य वाढते, हे ब्रिटन-अमेरिकेतल्या चाचण्यांनी १९८०-८१ मध्येच दाखवले. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे पाच लिटरचे यंत्र, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, १५ तास चालले तर दिवसाला सुमारे पाच युनिट वीज जाते, म्हणजे महिन्याला दीडशे. मजुरीवर जगणारे घर हे बिल भरू शकत नाही आणि भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावांत तर वीज टिकेल याची खात्री नसते. राज्याला वीज पुरवणाऱ्या भागातल्या रुग्णाने विजेअभावी गुदमरावे, हे कोणत्याही सरकारला शोभणारे नाही. ब्रिटनमध्ये घरच्या कॉन्सन्ट्रेटरच्या विजेचा खर्च रुग्णाला परत मिळतो, इथे तेवढी वीज माफ करावी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. ऑक्सिजनजवळ पेटती चूल किंवा बिडी म्हणजे आगीला निमंत्रण. त्यामुळे ज्या घरी कॉन्सन्ट्रेटर जाईल, तिथे गॅसचे भरलेले सिलिंडरही गेलेच पाहिजे. उज्ज्वला योजनेतून गॅसची जोडणी २०१६ पासून मिळते आहे, पण सिलिंडर पुन्हा भरणे परवडले नाही की चूल पुन्हा पेटते. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतही अशा रुग्णाला भरमसाट ऑक्सिजन सोडू नये, ८८ ते ९२ टक्क्यांच्या मर्यादेत मोजून द्यावा. टास्मानियातल्या २०१० च्या अभ्यासात असा मोजून दिलेला ऑक्सिजन मिळालेल्यांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले होते.

शस्त्रक्रियेचे पर्यायही आहेत. फुफ्फुसाचा निकामी वरचा भाग काढून उरलेल्याला जागा करून देता येते. अमेरिकेतल्या १,२१८ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये आले आणि काही निवडक रुग्णांना याचा खरोखर फायदा होतो, हे ठरले. दुर्बिणीतून एकमार्गी झडपा बसवण्याची पद्धतही आली आहे, आणि अगदी शेवटी प्रत्यारोपण. हे उपचार मोजक्यांना लागू पडतात, खर्च लाखांत जातो आणि बिडी सुटल्याशिवाय कोणी त्यांचा विचारही करत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी असे रुग्ण निवडून नागपूर-मुंबईला पाठवण्याची व्यवस्था जरूर उभारावी. पण हजारो रुग्णांचे भवितव्य आधीच्या तीन पायऱ्यांवर आणि धूर थांबण्यावर अवलंबून आहे.

‘हे सगळं गावात कोण करणार?’ असा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर गडचिरोलीने आधीच देऊन ठेवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या माणसांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. बालमृत्यू घटले. तो अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे याच जिल्ह्यातली घरोघरच्या नवजात बालसेवेची पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामाचा भाग झाली. ज्या जिल्ह्याने बाळाचा श्वास मोजायला देशाला शिकवले, तिथे म्हाताऱ्याचा श्वास मोजणे अशक्य कसे? आशाताईला बोटावर लावायचा ऑक्सिमीटर, पंप शिकवण्याचे प्रशिक्षण आणि या कामाचा वेगळा मोबदला द्या. दारू-तंबाखूविरोधात २०१६ पासून गावोगावी काम करणाऱ्या ‘मुक्तिपथ’चा अनुभव बिडी सोडवण्यासाठी वापरा. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने आगी आणि झाडांची छाटणी नको म्हणून तेंदूपत्त्याचे उत्पन्न सोडून दिले. गाव स्वतःच्या हवेचा विचार करू शकते, याचा याहून मोठा दाखला कोणता?

राहिला पैसा. २०१५ च्या खनिज कायद्यातील दुरुस्तीनुसार जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावातल्या नव्या पट्ट्यांना १० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावी लागते. हा निधी खाणीने बाधित झालेल्या माणसांसाठी आहे आणि आरोग्यसेवा त्याच्या अग्रक्रमात आहे. चंद्रपुरात कोळसा, तर सुरजागडच्या खाणीमुळे गडचिरोलीत लोहखनिज, अशी दोन्हीकडे या निधीची आवक आहे. त्यातून रस्ते आणि इमारती होत असतील, तर पंप, स्पायरोमीटर आणि घरचा ऑक्सिजन का होऊ नये? वेस्टर्न कोलफिल्ड्स (वेकोलि) या कोळसा कंपनीने निवृत्त आणि कंत्राटी कामगारांचीही फुफ्फुस तपासणी करावी. ब्रिटनने १९९३ मध्ये कोळसा खाणकामगारांचा एम्फिसीमा भरपाईच्या यादीत घेतला, राजस्थानने २०१९ मध्ये धुळीच्या आजारांसाठी स्वतंत्र धोरण आणले. महाराष्ट्राने मागे राहण्याचे कारण नाही.

दोन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांनी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी प्रतिष्ठानच्या येत्या बैठकीत फुफ्फुसांच्या आजारासाठी स्वतंत्र तरतूद मंजूर करावी. कोविडच्या काळात आलेले किती कॉन्सन्ट्रेटर आज चालू आहेत, याची यादी लोकांसमोर ठेवावी आणि पडून असलेले दुरुस्त करून रुग्णांच्या घरी पाठवावेत. प्रत्येक आरोग्य केंद्रात कोणता पंप शिल्लक आहे, हे दारावरच्या फलकावर लिहावे. पुढच्या थंडीत धाप वाढण्याआधी हे झाले पाहिजे. ग्रामसभांनीही ठराव करून याचा जाब विचारावा, कारण मागितल्याशिवाय हा इलाज गावात येणार नाही आणि मागण्याचा पूर्ण हक्क या लोकांना आहे.