दोन धारांच्या मधली सहल

‘सहल’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे शाळा-महाविद्यालयांतील मुलेमुलीच उभी राहतात. नाही तर शहरातली कुटुंबे. रविवारी सकाळी पुण्याकडून, अहिल्यानगरकडून मोटारी निघतात, आपल्या राहुरीवरून शिर्डीकडे जातात आणि रात्री परत फिरतात. मोटारीत आजी असते, लहान मुले असतात, डबे असतात. ते पाहून माझ्या मनात नेहमी एक प्रश्न येतो. त्याच रस्त्याच्या कडेला उसात खुरपणाऱ्या बाईने कधी सहलीला जावे की नाही?

आमच्यासारख्या घरांतली माणसे घराबाहेर पडतच नाहीत असे नाही. पण त्यांना निमित्त लागते. लग्न, दहावा, दवाखाना, बाजार, नाही तर देव. वारीला जाता येते, जत्रेला जाता येते. परंतु नुसते काही पाहायला, नुसते झाडाखाली बसायला जाणे म्हणजे रिकामटेकडेपणा समजला जातो. मी घरात एकदा मुळा धरण पाहायला जाऊ म्हटले, तेव्हा आजीने सहज विचारले, “तिथं कोणता देव हाये गं?” आजीचा यात काय दोष? कष्टकऱ्याच्या विसाव्याला देवाची सही लागते, असेच ती जन्मभर पाहत आली.

मित्रमैत्रिणींनो, विसावा ही चैन आहे काय? मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची सुट्टीच नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी लढा दिला आणि १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ज्या महात्मा फुल्यांचे नाव आपल्या राहुरीतील कृषी विद्यापीठाला आहे, त्यांच्याच विचारांच्या माणसाने मिळवलेला तो रविवार आहे. पण तो गिरणीच्या दारापर्यंत आला, शेताच्या बांधापर्यंत अजून आलेला नाही. शेतमजूर बाईने एक दिवस घरी राहायचे म्हणजे खाडा, आणि खाड्याची मजुरी कोणी देत नाही.

यावर पुष्कळजण म्हणतील की, पोटाची चिंता असणाऱ्याला सहल कशी सुचावी? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. खाड्याचे पैसे खरोखरच जातात. दुसरी अडचण गुरांची. सकाळची धार काढून दूध डेअरीला घालायचे आणि संध्याकाळच्या धारेला पुन्हा गोठ्यात हजर राहायचे. म्हणून महाबळेश्वर, माथेरान आमच्या कामाचे नाही. आम्हांला हवी ती दोन धारांच्या मधली सहल, म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. खर्चाचे म्हणाल तर एस. टी. ने मार्च २०२३ मध्ये स्त्रियांना अर्धे तिकीट केले. त्याआधी २०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत झाला. घरची भाकरी, ठेचा आणि पाण्याची कळशी बरोबर घेतली की वेगळा खर्च तो कितीसा?

आणि नऊ तासांत पाहण्यासारखे आपल्या परिसरात थोडे का आहे? अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला आहे. १९४२ साली पंडित नेहरूंना तेथे कैदेत ठेवले होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ त्यांनी तेथेच १९४४ साली लिहिला. शहराबाहेर डोंगरावर अष्टकोनी, तीन मजली चांदबिबी महाल आहे. नाव चांदबिबीचे, पण प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर आहे. रणगाडे पाहायचे असतील तर १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे. लहान मुले तेथून लवकर हलणार नाहीत. आणि आजीला देव हवाच असेल तर नेवाशाला पैसाचा खांब आहे. त्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली असे आपण मानतो. तेथे देव, भाषा आणि सहल, तिन्ही साधतात.

परंतु मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते आपल्याच तालुक्यातले मुळा धरण. त्याची साठवण सव्वीस टी. एम. सी. ची. हरिश्चंद्रगडाकडून येणारी मुळा येथे अडवली आणि तिचे पाणी राहुरीपासून नेवासे, शेवगाव, पाथर्डीपर्यंत गेले. पावसाळ्यात धरण किती टक्के भरले हे माझ्या आईला तोंडपाठ असते. आवर्तन कधी सुटणार, जायकवाडीला पाणी गेले तर आपल्याला किती उरणार, हे ती अण्णांच्या बरोबरीने बोलते. त्या पाण्यावर तिने वीस वर्षे रात्री-अपरात्री दारे धरली. पण ते धरण तिने कधी पाहिले नव्हते! गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची पाच माणसे तेथे जाऊन आलो. कालव्याच्या पुलावर उभी राहून आईने विचारले, “आपल्या चारीला येतं ते हेच का?” नंतर बराच वेळ ती काही बोलली नाही. साडेपाचला आम्ही गोठ्यात होतो.

जाणे एवढ्यावर भागत नाही. मागे एका प्रसिद्ध ठिकाणी आईने दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही, कारण बायकांसाठी स्वच्छ मोरी जवळपास नव्हती. आमच्या बायकांना हा उपास सवयीचा झाला आहे. कमानी आणि कारंजी नंतर उभारा. आधी सावली, प्यायचे पाणी आणि बायकांची सोय करा. ज्या ठिकाणी म्हातारी बाई निर्धास्त बसू शकते, तेच ठिकाण कुटुंबाचे.

शेवटी आपल्या महाविद्यालयाला एक विनंती. सहलीची वर्गणी आपल्यापैकी अनेकांना आईच्या खुरपणीच्या पैशांतून मिळते. ज्या हातांनी वर्गणी दिली, त्या हातांना सहल नाही, हे बरे दिसत नाही. वर्षातून एकदा, खुरपणीचा हंगाम सरल्यावर, एक पालक-सहल काढावी. बस आठला निघावी आणि पाचच्या आत परत यावी. किल्ल्याची, खांबाची, धरणाची माहिती आपण विद्यार्थ्यांनी सांगावी. आपण जे शिकलो ते आपल्या आईवडिलांना त्यांच्या भाषेत सांगता आले, तर ती तोंडी परीक्षाही होईल. फक्त तारीख ठरवताना प्राचार्यांनी आमच्या आयांना विचारावे. गुरांचे वेळापत्रक त्यांना ठाऊक आहे.